नकोशेठ आणि दोन इंच

नकोशेठ,

तुमच्या तोंडावर मी हे नाव कधी घेतलं नाही. पण गल्लीतले सगळे गॅरेजवाले घ्यायचे आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं. अडतीस वर्षं जीपचे सुटे भाग विकायचं दुकान चालवलंत आणि गिऱ्हाइकाला पहिला शब्द काय, तर ‘नको’. दुसरं कोणतं नाव पडणार होतं?

मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या हातात भाच्याने इंटरनेटवरून काढलेली यादी होती. जीप चार इंच उचलणारे स्प्रिंगचे जाड पाटे, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मोठे टायर. टेकडीवरच्या आमच्या घराच्या वाटेत मधोमध एक दगड होता. त्यावरून जाताना जीपचं पोट घासायचं, धक्का बसायचा आणि ताई कळवळायची. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, खुब्याचं ऑपरेशन झालेली. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामाच्या उपचारासाठी खाली न्यावंच लागे. दगड फोडायला माणसं बोलावली होती. त्यांनी दगड पाहिला, चहा घेतला आणि सांगितलं की हा दगड नाही, ही टेकडीच आहे.

भाच्याने बजावलं होतं, महिन्याभरात काहीतरी करा, नाहीतर घर बंद करून दोघी माझ्या फ्लॅटवर या. भाचा चांगला आहे. फ्लॅटही चांगला आहे. ताई म्हणाली, “त्यापेक्षा मला त्या दगडावरच ठेवून ये.”

तुम्ही मला एका लाकडी स्टुलावर बसवलंत. गळ्यात शिंप्यासारखी टेप. यादी वाचलीत आणि विचारलंत, “गाडीत काय नेता?”

“ताईला.”

“आणखी?”

“भाजी.”

“लोखंडी बंपर? पाण्याची टाकी?”

“मी एकाहत्तर वर्षांची आहे.”

“म्हणजे नाही.” तुम्ही पहिल्या ओळीवर काट मारलीत. “हे पाटे दोन क्विंटल वजन धरून बनवलेत. तुमचं दोघींचं मिळून किती?”

“एकशे सात किलो.”

“मग पाटे जागचे हलणार नाहीत. हलतील त्या ताई. नको.”

फोनपाशी बसलेली तुमची सून मान वर न करता म्हणाली, “बाबा, आज एखादी तरी वस्तू विका.”

तुम्ही तिकडे लक्ष दिलं नाहीत. “दगड लागतो कुठे? अ‍ॅक्सलला, की वर चेसिसला?”

मला माहीत नव्हतं. तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. पाटे बदलले की चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर जातो, अ‍ॅक्सल चाकांच्या मधे होता तिथेच राहतो, हे तुम्ही मला दोन काड्यापेट्या मांडून समजावलंत. अ‍ॅक्सलला लागत असेल तर पाटे बदलून उपयोग शून्य.

“दगडाला पांढरा रंग फासा. ओला असताना गाडी वरून न्या. मग खाली वाकून बघा. वाकता येतं ना?”

“तुमच्याहून बरं.”

फासला, नेली, वाकले. अ‍ॅक्सल कोरा. गिअरबॉक्सखालच्या, चेसिसच्या आडव्या पट्टीवर दोन बोटं रुंद पांढरा पट्टा. मी परीक्षेत पहिली आल्यासारखी दुकानात आले, तर तुम्ही म्हणालात, “ठीक. आता विटा.”

ताई किती उंच पाऊल टाकू शकते ते विटा रचून मोजायचं होतं. विटा संपल्यावर मी माझी जुनी पाठ्यपुस्तकं रचली, त्यांचा तेवढा तरी उपयोग झाला. अठरा इंचांवर ताई चढली. एकोणिसाव्याला तिने मला जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. जीपची पायरी होती सोळा इंचांवर.

“मग दोन इंच,” तुम्ही म्हणालात.

“भाचा म्हणतो चार हवेत. खाली स्टूल ठेवू की.”

तुम्ही टेप गुंडाळत बसलात. “दुकान नवीन होतं तेव्हा मी आमची गाडी पाच इंच उचलली. हौस. अख्खी गल्ली बघायला आली. वडील आले, एक पाय उचलून पाहिला, खाली ठेवला, म्हणाले, ‘तुम्ही जा.’ मी स्टूल आणलं. म्हणाले, स्टूल पंखा पुसायला असतं. पुढची चार वर्षं जिथे जायचं तिथे ‘तुम्ही जा’.”

“मग पाटे उतरवायचे ना!”

“उतरवले. तोवर त्यांना न येण्याची सवय झाली होती.” टेप पुन्हा गळ्यात घालत तुम्ही म्हणालात, “तुम्ही बसलाय ते तेच स्टूल.”

मी उठले नाही. गुडघे दुखत होते.

शेवटी तुम्ही विकलेत ते दोन इंचांचे मऊ पाटे, त्यांना जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ते आवळायचे नवे यू-बोल्ट आणि ब्रेकच्या जरा लांब नळ्या. टायर नको. मेकॅनिक म्हणाला, “एवढं कशाला, मागच्या पाट्यांना लांब शॅकल, लांब कड्या ठोकतो, झालं काम.” त्यालाही तुमचं ‘नको’. पाट्यांचे बोल्ट गाडी जमिनीवर आणि आम्ही दोघी आत असतानाच आवळायला लावलेत. “ज्या वजनाने चालणार त्याच वजनाने आवळायचे,” म्हणे. भाजीची पिशवीसुद्धा ठेवायला लावलीत. ताई पाऊण तास महाराणीसारखी बसून होती.

वाटेवर दगड जवळ आला तशी तिने डोळे मिटले.

“आला का गं?”

“गेला.”

“वाजला नाही.”

“नाही.”

घरी पोचल्यावर स्वतःच्या पायांनी उतरली आणि भाच्याला फोन लावला. “माझी खोली भाड्याने देऊन टाक.”

मी तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, “दगड खालून किती मोकळा गेला?” एक बोट, मी सांगितलं. मग म्हणालात, “मला दाखवाल एकदा?” अडतीस वर्षं जगाला डोंगर चढवलेत आणि ती हौसेची गाडी विकल्यापासून स्वतः फिरलात बसने, पुढच्या सीटवर. खडबडीत वाट म्हणून पाहिलेली नाही.

“येत्या रविवारी न्यायला येते,” मी म्हटलं.

त्या रविवारी ताईचे डोळे तपासायचे होते. पुढच्या रविवारी भाचा आला. त्याच्या पुढच्या रविवारी खरं म्हणजे काहीच नव्हतं, मी वाचत पडले होते. असे पुष्कळ रविवार गेले.

मग सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. एक यंत्र आलं आणि अर्ध्या दिवसात टेकडीचा तो दगड फुटला. मी पांढरा रंग लागलेला एक तुकडा मागून घेतला.

“कशाला हो आजी?” यंत्रवाल्याने विचारलं.

“एकाला दाखवायचाय.”

त्याच्या दोन माणसांनी मिळून तो जीपमध्ये मागे डावीकडे चढवला. त्यानंतरही तुमच्याकडे यायला मी पाच आठवडे लावले. गल्ल्यावर सून होती. म्हणाली, “बाबा गेले. तीन आठवडे झाले.”

“मला कळवलं नाहीस?”

“तुमचा नंबर कुठेच नव्हता, काकू. त्यांच्या डोक्यात होता.”

दगड अजून जीपमध्येच आहे. आमच्या दोघींच्याने तो उतरत नाही. गाडी डावीकडे अर्धं बोट खाली बसते. तुम्ही टेप लावली असतीत तर आधी विचारलं असतंत, गाडीत काय नेता?