पत्रिकावाल्या गुरुजींची कादंबरी

गुरुजींच्या खिशाला दोन पेनं असत, एक निळ्या शाईचं आणि एक काळ्या. निळं दुनियेसाठी, काळं कादंबरीसाठी. निळ्यात रोज सकाळी शाई भरावी लागे. काळ्यातली शाई मात्र खिशातच वाळून जाई. मग मधल्या सुट्टीत गुरुजी ते पेन उघडून कोमट पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवत. एकदा तो ग्लास शिपायानं पिण्याच्या पाण्याचा समजून हेडमास्तरांना प्यायला नेऊन दिला होता, आणि महिनाभर हेडमास्तर गुरुजींशी बोलले नव्हते.

मी १९८१ साली सौसरच्या शाळेत हिंदी शिकवायला लागले तेव्हा गुरुजी पन्नाशीला आले होते आणि त्यांची कादंबरी आठव्या वर्षात होती. रोज दोन पानं लिहायची, असा त्यांचा नेम. नेम म्हणजे काय, इच्छा. सकाळी स्टाफरूममध्ये आलं की आम्ही विचारायचो, "गुरुजी, काल किती?" आणि आजाऱ्याचा ताप सांगावा तसे ते सांगत, "पाऊण पान." कधी, "साडेतीन ओळी. पण ओळी बऱ्या आहेत." आणि बरेचदा नुसतं, "काल पाहुणे होते." आम्ही हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायची.

पानं होत नसत कारण गुरुजींच्या ओसरीवर सगळी तहसील येऊन बसे. आमचा मुलूख मध्य प्रदेशात, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. कोणाला मोटारपंपाच्या विजेसाठी हिंदीत अर्ज हवा, कोणाला महाराष्ट्रात वरुडला दिलेल्या लेकीला मराठीत पत्र. "गुरुजी, तुम्ही तसंही लिहूनच राहिले, तं माझंही एक लिहून द्या," असं म्हणून माणसं खुशाल समोर बसत. गुरुजी काळं पेन बंद करून निळं उघडत. त्यात जनगणनेचं काम आलं, मतदार याद्या आल्या, मुलाचा टायफॉइड आला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहाचे कप नेता नेता म्हणायच्या, "यायनं कादंबरी धरली तवा पोरगं पाटीवर गिरवत होतं. आता ते मॅट्रिकले बसते, पण यायची नायिका अजून विहिरीवरच उभी हाये."

पण लोक त्यांना कादंबरीवाले म्हणत नसत, पत्रिकावाले गुरुजी म्हणत. लग्नपत्रिकेचा मजकूर लिहावा तो त्यांनीच. मोहगावापासून पांढुर्ण्यापर्यंत कोणाचा मामा कोण आणि कोणता काका रुसका, हे त्यांना तोंडपाठ. सुरुवातीला एकदा लोधीखेड्याच्या एका लग्नात त्यांच्या हातून थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या खाली गेलं. पत्रिका छापून वाटून झाल्या आणि तो म्हातारा मांडवाच्या खांबाला टेकून बसला तो जेवायलाच उठेना. नवरदेवाला पाया पडून त्याला उठवावं लागलं. तेव्हापासून गुरुजींनी एक नियम केला. कच्चा मजकूर घेऊन आधी त्या घरी जायचं, सगळ्यांना ओसरीवर बसवायचं आणि मोठ्यानं वाचायचं. ज्याला जे खटकेल ते तिथंच बदलायचं. "ज्याचं नाव, त्याले आधी वाचून दाखवा, म्हणजे पुढं कोणाचा घास अडत नाही," असं ते म्हणत. पत्रिकेसाठी हा नियम सोन्यासारखा होता. गुरुजींनी तोच कादंबरीला लावला.

कादंबरी गावाचीच होती. नावं बदललेली, पण आमच्याकडे नाव बदलून काय होतं? एक प्रकरण झालं की गुरुजी ते पिशवीत घालून त्या माणसाच्या दारात उभे. सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरला त्यांनी त्याच्या दारूचं प्रकरण वाचून दाखवलं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "लिहिलं मस्त हाये गुरुजी. पण पोरीले पाहायले लोकं येऊन राहिले. दारू काढून टाका." गुरुजींनी दारू काढली. एका संत्रावाल्या पाटलाचं भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, झालेलं भांडण होतं. पाटील म्हणाले, "आता आमचं बोलणं सुरू झालं हो. असं करा, धुराच नका ठेवू." गुरुजींनी धुरा काढला, म्हणजे भांडणही गेलं. काढलेली पानं ते फाडत नसत, ज्याची त्याला देऊन टाकत. "हे तुमचं. तुमच्याजवळ ठेवा," म्हणत. नक्कल कधी ठेवत नसत. दुसऱ्याची गोष्ट आपल्या पेटीत ठेवणं त्यांना चोरी वाटे.

मी एकदा चिडले. म्हटलं, "गुरुजी, अशानं कादंबरी होत नसते. सगळ्यांना विचारून कोणी खरं लिहितं का?" ते काही रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, छापून आलेलं पुस्तक लोक एक दिवस वाचतीन. मले मात्र या लोकांत रोज राह्याचं हाये." मला ते भित्रेपणाचं वाटलं आणि मी तसं तोंडावर म्हटलंही. तोवर माझ्यावर वेळ आलेली नव्हती, म्हणून तोंड चालत होतं.

माझी थोरली बहीण मालूताई. तिच्या नवऱ्यानं सात वर्षांनी तिला टाकलं आणि ती पांढुर्ण्याला आईकडे परत आली. आम्ही लोकांना सांगत होतो की आईची तब्येत बरी नसते, म्हणून ती राहून राहिली. त्या वर्षी माझंही बोलणं चाललं होतं. मुलगा सौसरच्याच बँकेत होता, घर चांगलं होतं, आणि आमच्या आईनं सगळे देव पाण्यात घातले होते. त्याच सुमारास मालूताईला शिवणकेंद्रातल्या जागेसाठी अर्ज करायचा होता, तेव्हा मीच तिला गुरुजींच्या ओसरीवर घेऊन गेले आणि तिथं सोडून शाळेत परत आले. तासाभराचं काम, पण ती संध्याकाळी आली. काय बोलत होतीस इतका वेळ, असं विचारल्यावर म्हणाली, "ते विचारत गेले, मी सांगत गेली. आजवर कोणी विचारलंच नव्हतं वं."

दीड महिन्यानं गुरुजींनी स्टाफरूममध्ये माझ्यापुढे चौदा पानं ठेवली, सगळी काळ्या शाईची. इतकी सलग पानं त्यांनी कधी लिहिली नव्हती. म्हणाले, "अर्जात मी लिहिलं, प्रार्थिनी परित्यक्ता है. सहा ओळींत अर्ज झाला, पण बाई त्यात मावली नाही. म्हणून हे लिहिलं. पांढुर्ण्याला जाऊन त्यांना वाचून दाखवतो, पण आधी तुम्ही पाहा."

मी वाचायला घेतलं. एक बाई सासरची ट्रंक घेऊन एकटी बसमधून उतरते. घरी जायच्या आधी ती स्टँडवरच्या हॉटेलात बसते, आलूबोंडा मागवते, आणि तो संपल्यावर आणखी एक मागवते. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं कोणाच्या आधी, गरम असतानाच खाल्लेलं असतं. दुसरा बोंडा खाताना तिला हसू येतं. मग ती हात धुते, पदर नीट करते आणि रडायला घरी जाते.

ज्या दिवशी मालूताई परत आली त्या दिवशी आम्ही तिघी गळ्यात गळे घालून रडलो होतो. तिनं त्याआधी स्टँडवर बसून आलूबोंडे खाल्ले होते, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्यानं टाकलेली बाई स्टँडवर बसून खाते आणि हसते, हे उद्या मुलाकडच्यांनी वाचलं तर? पानं मिटली आणि म्हटलं, "गुरुजी, हे नाही. मालूताईला वाचूनही दाखवायचं नाही. तुम्हाला माझ्या लग्नाची शपथ आहे."

मी त्यांना भित्रं म्हटलं होतं त्याची गुरुजींनी आठवण करून दिली असती तरी चाललं असतं. त्यांनी फक्त पानं जुळवली, सुतळीनं बांधली आणि माझ्या हातात दिली. "हे तुमच्या घरचं. तुमच्याजवळ ठेवा." त्या संध्याकाळी मी ती पानं चुलीत घातली. चांगला जाड कागद होता, सावकाश जळला.

लग्न झालं. नवरा भला निघाला. वर्षभरानं एकदा मी भीत भीत मालूताईचा विषय काढला तर तो म्हणाला, "माहीत होतं ना. सगळ्या तहसीलीले माहीत होतं. आम्ही म्हटलं, तुम्हीच लपवून राहिले तं आपण काहून विचारा?"

पुढे गुरुजींची कादंबरी एकदाची संपली. त्यांनी ती स्वतः नागपूरला नेऊन एका प्रकाशकाकडे दिली. सहा महिन्यांनी ती परत आली, सोबत चार ओळींचं पत्र. भाषा गोड आहे, माणसं सगळी सज्जन आहेत, त्यामुळे काही घडत नाही, असा त्याचा मतलब. गुरुजींनी ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं. वाचताना हसले, आणि मग चष्मा पुसत बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. त्यांचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता. मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

त्या उन्हाळ्यात त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. दिलेली पानं परत मागायला ते घरोघर गेले. पत्रिकेच्या निमित्तानं सतरा घरी चहा घेणारा माणूस, पण स्वतःसाठी काही मागायला कधी कोणाच्या दारात गेला नव्हता. कंपाउंडरच्या घरी ती पानं पावसाळ्यात छपराच्या भोकात कोंबली गेली होती. पाटलांनी जपून ठेवली होती, पण ती द्यायला ते तयार नव्हते, कारण भावाशी पुन्हा बिनसलं होतं आणि कोर्टात ती कामी येतील असं त्यांना वाटत होतं. कोणी म्हणे उंदरांनी खाल्ली, कोणाला पानं दिल्याचंच आठवेना. माझ्याकडे ते सगळ्यांत शेवटी आले. "बाई, ती चौदा पानं असतीन काय? तेवढी असली तरी बाकीचं मी त्याच्याभोवती पुन्हा बांधतो. त्याच्यासारखं माझ्या हातून दुसरं काही झालं नाही."

मी म्हटलं, "असतील. शोधते."

खरं सांगायला मला त्या दिवशी एक वाक्य पुरलं असतं, पण तेवढाही धीर झाला नाही. पुढची दोन वर्षं मी शोधत होते, म्हणजे शोधते म्हणत होते. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. फक्त शाळा सुटताना कधी माझ्या पिशवीकडे त्यांची नजर जाई आणि लगेच दुसरीकडे वळे. एकदा मी त्यांना एवढंच विचारलं की आठवून पुन्हा लिहिता येणार नाही का. ते म्हणाले, "लिहून पाहिलं. नाही येत. त्या बाई समोर बसून बोलत होत्या तवा आलं होतं."

ते निवृत्त झाले आणि मुलाकडे इटारसीला गेले. निरोपाच्या दिवशी फाटकापाशी मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा. त्या पानांचं मनाले लावून घेऊ नका, बाई." म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून माहीत होतं कोण जाणे. पहिल्याच हिवाळ्यात ते गेल्याची खबर आली. खबर आणणाऱ्यानं सौसरच्या बाजारात सांगितलं तेव्हा लोक हळहळले, म्हणाले, आता पत्रिका कोण लिहीन.

मी पांढुर्ण्याला मालूताईला सांगायला गेले. शिवणकेंद्रातली ती जागा तिला मिळाली होती, घरीही मशीन होतं. ऐकून तिनं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "पानं मागायले फिरत होते ना, तवा ते इथंही आले होते. म्हणे, तुमच्यावर एक प्रकरण लिहिलं, बाईजवळ हाये, त्या आणतीन तवा वाचा. मी वाट पाहत होती. तुले विचारलं नाही, म्हटलं आणशीन कधीतरी."

मी मशीनखाली पडलेल्या चिंध्या गोळा करायला लागले.

"तू तं वाचलं असशीन," ती म्हणाली. "शेवटी काय केलं वं माझं त्यायनं?"

तेव्हा मला कळलं की मी ते वाचलंच नव्हतं. चौदांतली दोन पानं वाचून मी बाकीची मिटली होती. घरी येऊन उभ्या राहिलेल्या त्या बाईचं पुढे काय होतं, ती कुठं जाते, कोणाशी भांडते, सुखी होते का, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, चुलीसकट. वाटलं ती बोलेल, शिव्या घालेल, निदान रडेल. तिनं कात्री उचलून बाजूला ठेवली, माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "दोन तं दोन. तेवढी तं सांग."

मी सांगायला लागले. बस, ट्रंक, स्टँड, आलूबोंडा. ती मान हलवत ऐकत होती. "अन् त्यायनं लिहिलं कसं होतं? त्यायच्या शब्दात सांग," ती म्हणाली. मी डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. गुरुजींचा एकही शब्द मला आठवला नाही.