तांब्याच्या तारेचा कान

जुन्या भांड्यांचं मला भलतंच वेड. बीडच्या घरात दिवाणखान्याची एक अख्खी भिंत मी त्यासाठी राखलीय. पितळी गडवे, काशाच्या वाट्या, एक नक्षीचं पानदान, आणि मधोमध, वर छोटा दिवा लावून, निळ्या फुलांचा चिनी मातीचा कप. त्याचा कान कधीच तुटलेला. त्या जागी तांब्याची तार इतकी सुबक गुंडाळलेली की येणारा-जाणारा आधी तिकडेच बघतो. "आजोबांचा, निजामाच्या काळातला," असं मी बिनदिक्कत ठोकून द्यायचे. कुणी फोटो काढला की मला मूठभर मांस चढायचं.

कप आजोबांचा नव्हताच. तेलगावच्या शेतात आमची गुरं राखायला एक काका होते, त्यांचा होता. घरातल्या कपात त्यांना चहा द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून कान तुटल्यावर तो कप गोठ्याच्या कोनाड्यात गेला, त्यांच्यासाठी. शाळेत असताना किटली घेऊन मीच जायचे. ते कप पुढे धरायचे आणि मी वरून धार सोडायचे, किटली कपाला शिवू नये म्हणून. तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायचे. काका म्हणायची अक्कल फार उशिरा आली. शेत विकलं तेव्हा कोनाड्यातून कप उचलला तोही मीच. त्यामुळे कप कुणाचा ते माहीत नव्हतं म्हणायची सोयच नाही.

मागच्या उन्हाळ्यात काका नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. शेजारच्या बाई बसलेल्या होत्या, त्यांना माझी भिंत नुकतीच दाखवून झाली होती. काकांना मी आग्रहाने सोफ्यावर बसवलं. मनात म्हटलं, बघा, आता आमच्यात तसलं काही राहिलं नाही! नव्याकोऱ्या कपबशीत चहा घेऊन आले, तर काका भिंतीपाशी उभे, हातात तो कप.

"बाई, ह्यो माजा हाय की! ही तार म्याच गुंडाळली. हिरीवरची मोटार जळलीती न्हवं का, तिची. लई जपलाय तुमी." चेहरा नुसता खुलला होता त्यांचा.

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं हो मला. पण त्यामागून 'यांचा कप वेगळा का होता?' हे आलंच असतं. मी चक्क हसले.

"काहीतरीच काय काका! आजोबांचा आहे तो. तुमचा दुसरा असेल."

काकांनी कप फिरवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं, याची मला आजही खात्री आहे.

"आसंल बाई. मलाच वळखू आलं न्हाई," ते म्हणाले. कप जागेवर ठेवून त्यांनी शेजारणीपुढे हात जोडले, "चुकलं माजं." चहा घेतला, पत्रिका दिली, नक्की या म्हणाले आणि गेले.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. दार लावून आत आले, तर शेजारीण हळहळत होती, "बिचारे! काही आठवत नसेल आता."

अजूनही सांगता आलं असतं.

"हो ना," मी म्हणाले, "वय झालंय त्यांचं."