निळं पाणी आणि सोयाबीनचं भुसकट

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी प्रकल्प घेतला होता: कापड रंगवून उरलेलं पाणी सोयाबीनच्या भुसकटानं स्वच्छ करायचं. जळकोटजवळच्या आमच्या शेतात मळणीनंतर त्याचा ढीगच पडायचा. पण वडिलांना पटवायला दोन दिवस गेले. मुलगी नांदेडला शिकायला गेली अन् भुसकट मागून राहिली, हे त्यांना भावकीत सांगवेना. शेवटी मीच जाऊन पोतं भरून आणलं. एसटीत कंडक्टरनं पोत्यात हात घालून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ताई, म्हैस मागच्या गाडीनं येऊन राहिली का?" कंधार येईपर्यंत गाडी हसत होती.

रंगाचं पाणी मला जुन्या नांदेडातले एक रंगारी चाचा द्यायचे. फेटे आणि ओढण्या रंगवून त्यांचे हात मनगटापर्यंत निळे झाले होते. त्यांच्या पाण्यात मी भुसकट टाकलं, तासभर हलवलं, गाळलं. निळं पाणी हिरवं झालं. रडकुंडीला येऊन मी बाटली त्यांच्याकडं नेली. त्यांनी ती उजेडात धरली.

"बेटी, निळा तर गेला न्हाई. वरून पिवळा मेहमान आला."

भुसकटाचाच रंग पाण्यात उतरला होता. कोरं कापडसुद्धा आधी उकळून धुवावं लागतं, तेव्हा कुठं ते रंग धरतं, असं त्यांनी समजावलं. प्रकल्पाच्या सरांनीही हेच शिकवलं होतं म्हणे. मी त्या दिवशी वर्गात नव्हते.

मग मी भुसकट पाणी नितळ येईपर्यंत उकळून धुतलं आणि चाचांच्या गच्चीवर वाळत घातलं. त्यातलं निम्मं त्यांच्या शेळीनं खाल्लं. शेळीला आवडलं म्हणजे माल चांगला आहे, असं चाचींचं मत पडलं. उरलेलं दळून मी त्यांच्या अंगणातच प्रयोग केला. निळं पाणी नितळ झालं. चाचांनी ते ग्लासात घेऊन उजेडात धरलं. मग आत जाऊन त्यांनी लाल पाणी आणलं. लाल तसूभर हलला नाही.

मी विद्युतभाराचं सांगितलं: निळा धन, भुसकट ऋण, म्हणून दोघं चिकटतात, हा लालही ऋण, म्हणून ढकलले जातात. चाचांनी मान डोलावली. "लिहून टाक. लपवू नको."

सरांना लाल रंग वगळायचा होता. मी हट्टानं त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेवढंच वाचलं होतं, आणि मला कधी नव्हे ती उत्तरं येत होती.

आता चाचांच्या अंगणात भुसकटाचा एक ड्रम आहे, फक्त निळ्या पाण्यासाठी. निळं झालेलं भुसकट मात्र पोत्यांत साचत चाललंय. त्याचं काय करायचं, हे ते मला दर महिन्याला फोन करून विचारतात. मी अजून शोधतेय.