पाणीपाळीच्या यादीतून गळालेला भाऊ

प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहून मी सर्व्हरचं तोंड बंद केलं, आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला गेलो.

गावच्या पाणीवापर संस्थेची यादी मी हौसेनं कम्प्युटरवर चढवत होतो. कालव्याच्या चारीला पाणी सुटलं की कोणत्या गटाच्या शेताची पाळी किती वाजता, ते माझा प्रोग्रॅम ठरवणार होता. पण नोंदी भरताना डेटाबेस सर्व्हर सारखा कुरकुरायचा: नाव रकान्यात मावत नाही, शेवट कापला. आमच्याकडं माणसाचं नाव बापासकट, आडनावासकट आणि वर 'ऊर्फ'सकट लिहितात. अशा सूचनांचा नुसता पाऊस. काम तर कुठं अडत नव्हतं. म्हणून सगळ्याच सूचना गप्प केल्या.

गट नंबराला मी पाचच अक्षरांची जागा दिली होती. गावाला ती पुरली. पुरली नाही फक्त आम्हा दोघा भावांना, कारण गेल्या वर्षी भांडून वाटणी केली आणि १४२/२ ला 'अ' आणि 'ब' अशी शेपटं फुटली. सर्व्हरनं माझं 'अ' कापलं. मग धाकट्याचं 'ब' कापलं, आणि हा नंबर आधीच आहे म्हणून त्याची अख्खी नोंदच सोडून दिली. हेही त्यानं सांगितलं असणारच. मी चहा पीत होतो.

पाणी सुटलं त्या सकाळी भाऊ चारीच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा होता. मागं त्याचा नुकता लावलेला कांदा माना टाकून पडलेला. पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या हातात यादी: १४२/२ ची पाळी एकच, माझ्या नावावर.

"वाटणीत जमलं न्हाई, ते आता मशिनीतनं केलंस व्हय?"

"अरे, सर्व्हरनं नोंद सोडली..."

"सर्व्हरचं आन् माझं काय बांधाचं भांडान हाय का?"

बांधावरचे लोक हसले. मी मोटारसायकलच्या सीटवर लॅपटॉप उघडला, ती ओळ काढली, नोंदी पुन्हा भरल्या. नावांच्या गर्दीत आमच्या गटाच्या सूचना निघाल्या. मलाच मोठ्यानं वाचाव्या लागल्या.

"म्हंजी त्यानं तुला सांगितलं हुतं," भाऊ म्हणाला, "आन् तू त्याचं थोबाड दाबलंस."

"माझी पाळी तू घे."

"तुझं पाणी नको. माझं दे."

चूक माझीच, असं सगळ्यांदेखत लिहून सही केली. संस्थेच्या अध्यक्षांनी फोनवर होकार दिला आणि पाटकऱ्यानं त्याची पाळी माझ्या आधी लावली. भाऊ वाफ्यांत पाणी वळवायला, बारे धरायला गेला. कडेचे दोन वाफे तोवर गेलेच होते.

घरी बायकोला सगळं सांगितलं, माझी बाजू जरा सावरूनच. ती शेंगा निवडत होती.

"यादी देवळात लागली त्याच दिवशी धाकटी जाऊ म्हणाली, आमचं नाव नाही. मी तुम्हाला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही 'हं' म्हणालात." तिनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. "आता आणखी एक सांगते. चार वाजता आपली पाळी आहे. मी बारे धरायला येणार नाही."