फाटकाबाहेरचा उलटा पलंग

सासूबाईंचा सागवानी पलंग इतका उंच, की त्यावर बसलं की त्यांचे पाय लोंबकळत. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, बुटकी खाट आणा, नाहीतर या उभ्याच राहायच्या नाहीत. खाट आणली. जुना पलंग मात्र फुकटही कोणी नेईना. कचऱ्याच्या गाडीवरची दीदी म्हणाली की एवढं मोठं सामान तिच्या गाडीत मावायचं नाही. पालिकेला फोन करा, वेगळी गाडी येईल, फाटकाबाहेर काढून ठेवा.

मला खरी काळजी पलंगाची नव्हतीच. ऑपरेशनपासून सासूबाईंनी माणसं तोडली होती. अख्खा जन्म रायपुरात गेला, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, प्रत्येक घरच्या बारशाला, लग्नाला पुढे असायच्या. आणि आता कोणी भेटायला आलं की मला सांगायच्या, झोपल्यात म्हण. खोटं बोलून बोलून मी कंटाळले. हळूहळू लोकांनीही येणं सोडलं. मग सासूबाईंचं सुरू झालं, "पाहिलं? कोणाले काही पडली नाही माही." रागही यायचा आणि पोटात तुटायचंही.

ठरल्या दिवशी नवऱ्याने पलंग बाहेर काढला, पाय सोडवायला उलटा केला. बोल्ट गंजलेले निघाले, तेव्हा तसाच टाकून तो पाना आणायला बाजारात गेला. घरातलं माणूस गेलं की त्याचा पलंग उलटा करतात, हे आम्हा दोघांनाही माहीत. पण डोक्यात आलं असेल तर शपथ.

थोड्या वेळाने फाटकाशी हुंदके ऐकू आले. समोरच्या काकी, सासूबाईंना दीदी म्हणणारी त्यांची जुनी मैत्रीण, पलंगाला धरून रडत होत्या. मागे आणखी बाया, डोक्यावर पदर घेऊन. काकींनी मला मिठीच मारली.

"दीदी कब चली गईं? एक बार मिलने तो देते."

मी घाईघाईने सांगितलं, दीदी आत आहेत, चांगल्या आहेत, पलंग पालिकेची गाडी नेणार आहे. काकींचा विश्वास बसेना. मी आत धावले. हा अपशकुन ऐकून सासूबाई मला फाडून खाणार, अशी माझी खात्री होती. पण खिडकी उघडी होती आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"केस विंचरून दे माहे," त्या म्हणाल्या. "अन् तिले आत पाठव."

काकी आल्या, खाटेवर बसल्या आणि नव्याने रडल्या. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "बाहेर अजून कोण कोण रडून राहिलं, पाहून ये."