शिरूरचा दाखला दौंडला चालेना

शिरूर ते दौंड एसटीनं दोन-अडीच तासांचा रस्ता. न्हावरं, चौफुला, वरवंड, पाटस आणि मग दौंड. एवढ्याशा रस्त्यात माझी जात कुठं सांडली ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. शिरूरला गाडीत बसले तेव्हा ती दाखल्यावर शिक्क्यासकट होती. दौंडला उतरले तेव्हा सरकारला ती दिसेना. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे, पण आठवली की अजून डोकं तापतं. त्यामुळं आधीच सांगते, मी काही शांतपणे सांगणार नाही.

मी मॅट्रिक झाले होते, टायपिंगही शिकले होते. शाळेत नागरिकशास्त्र माझा आवडता विषय होता. इतर पोरी कंटाळायच्या, मी मात्र याद्या घडाघडा म्हणून दाखवायचे. रेल्वे, टपाल, सैन्य केंद्राकडं. शेती, पोलीस, दवाखाने राज्याकडं. काही विषय दोघांत सामाईक. मास्तर म्हणायचे, सगळी सत्ता एकाच्याच हातात दिली तर तो माजतो, म्हणून ती वाटून दिली आणि नागरिकाचे मूलभूत हक्क दोघांच्याही आवाक्याबाहेर ठेवले. हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलं होतं. सत्ता वाटता वाटता माणूसही वाटला जातो, हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं.

आमचं घर शिरूरच्या बौद्धवाड्यात. वडील मार्केट यार्डात हमाल होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आमच्या लोकांनी नागपूरला दीक्षा घेतली, त्याच साली आबांनी घरातले देव पाटीत भरून घोडनदीत सोडले होते. देव सोडले म्हणून लोकांनी शिवाशिव सोडली, असं काही झालं नाही. पण राज्य सरकारनं निदान तेवढं ओळखलं आणि नवबौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या. थोरला भाऊ त्याच सवलतीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला. पुढं दौंडला रेल्वेत कारकुनाच्या राखीव जागा निघाल्या, मी परीक्षा दिली आणि पास झाले. आता फक्त कागद तपासायचे राहिले होते. आईनं तर दौंडला कुणाच्या घरी खोली मिळेल याची चौकशीही सुरू केली.

दाखल्यासाठी मी तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या भाऊसाहेबांनी शाळेच्या जुन्या नोंदीवरून ‘हिंदू महार’ असं लिहून दाखला पुढं सरकवला.

“आम्ही बौद्ध आहोत,” मी म्हणाले.

“अहो बाई, त्यानं काय फरक पडतो?”

“पडत नसेल तर बौद्ध लिहा की.”

तीन खेपा झाल्या. भावाचा दाखला आणून दाखवला. शेवटी वैतागून त्यांनी जुना कागद माझ्यासमोर फाडला आणि ‘नवबौद्ध’ असा नवा करून दिला. आबांनी तो आमच्या आळीत चार घरी दाखवून आणला. माझी पोरगी सरकारशी भांडली आन् जिंकली, असं सांगत फिरले. मलाही शिंगं फुटल्यासारखं झालं होतं.

दौंडच्या ऑफिसातले कारकून वयस्कर आणि बोलायला गोड होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, दाखला वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हा चालायचा नाही.”

“का? शिक्का आहे, सही आहे.”

“ते आहे हो. पण ही सवलत मुंबईच्या सरकारची. आमचं खातं दिल्लीचं. दिल्लीच्या नियमात हिंदू किंवा शीख असाल तरच अनुसूचित जात. बौद्ध झालात की यादीतून बाहेर.”

“माझा सख्खा भाऊ याच्यावरच मास्तर झालाय.”

“तो राज्याचा मास्तर. ही केंद्राची नोकरी.”

मग त्यांनी आवाज खाली आणला. “पंधरा दिवस देतो. हिंदू लिहून आणा. सगळे आणतात. घरात तुम्ही कुणाला हात जोडता ते बघायला कोण येतंय?”

तो माणूस वाईट नव्हता, आणि याचाच मला जास्त संताप आला. खेकसला असता तर मी भांडले तरी असते. तो माझं भलं बघत होता आणि भलं बघताना मला खोटं बोलायला शिकवत होता. घटनेत लिहिलंय की ज्याला जो धर्म पटेल तो त्यानं मानावा. आम्ही तो मानला. ज्यांच्या हातून ती घटना झाली त्यांच्याच मागून जाऊन मानला. आणि दिल्लीचं सरकार म्हणत होतं, खुशाल माना, मग नोकरी तेवढी विसरा. याला हक्क म्हणतात होय? याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. आणि मघाशी सांगितलेला तो ‘हिंदू’ दाखला मीच भांडून फाडायला लावला होता, हे त्या कारकुनाला सांगायची मला लाज वाटली.

परत येताना गाडी वरवंडला बंद पडली. ऊन रणरणत होतं. घशाला कोरड पडली म्हणून स्टँडजवळच्या एका घरी पाणी मागितलं. बाई तांब्या घेऊन दारात आली आणि मला न्याहाळून म्हणाली, “कुनाची गं तू?”

“बौद्धाची,” मी म्हणाले. दिवसभराच्या रागानं मुद्दामच म्हणाले.

“म्हंजी त्येच की,” ती म्हणाली. “वंजळ धर.”

आणि तिनं पायरीवरूनच, माझ्या हाताला तांब्या लागणार नाही एवढ्या उंचीवरून पाणी ओतलं. मी प्याले. तहान लागली होती, काय करणार? पण गाडीत बसल्यावर मला हसू आलं, आणि त्या हसण्याला चांगलं म्हणता येणार नाही. वरवंडच्या त्या बाईला अक्षर वाचता येत नसेल, पण बौद्ध म्हणजे कोण ते तिला बरोबर माहीत होतं. दिल्लीतल्या एवढ्या शिकलेल्या साहेबांना ते कळत नव्हतं! पुढं बऱ्याच वर्षांनी दिल्लीनंही नियम बदलला आणि बौद्धांना यादीत घेतलं. तोवर माझं नोकरीचं वय टळलं होतं आणि आबाही राहिले नव्हते.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. आबांनी एकच विचारलं.

“दिल्लीचं सरकार येगळं आन् मुंबईचं येगळं, ह्ये कळलं. पर आपुन तर एकच हाय न्हवं?”

 याद्या घडाघडा म्हणणारी मी, उठून चुलीपुढं भाकरी थापायला बसले.

आई म्हणाली, “लिवा की हिंदू. कागदावर लिवल्यानं का द्येव घरात येत्यात? पोरीचं नशीब कशाला नासवताय?”  आबा दोन दिवस यार्डात गेले, आले, जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून म्हणाले, “चल कचेरीत.”

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. मलाही ती नोकरी हवी होती, हे कबूल करते. स्वतःच्या टेबलावर स्वतःचा टाइपरायटर असावा, यापलीकडं मला तेव्हा काही नको होतं.

दाखला बदलायचा तर वडिलांचं प्रतिज्ञापत्र लागत होतं. कचेरीबाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे बसायचे, त्यांच्यातल्या एकानं ते लिहून दिलं. आमचं कुटुंब हिंदू धर्मच पाळतं, असा मजकूर. आत भाऊसाहेब आम्हाला बघून हसले.

“काय हो बाई, गेल्या महिन्यात तर केवढं भांडला होता!”

मी खाली बघितलं. त्यांनी आबांपुढं पेन धरलं. “करा सही.”

आबांनी पेन घेतलं नाही. “शाईचा पॅड द्या.”

“पॅड कशाला? तुम्हाला सही येते की.”

“येती,” आबा म्हणाले. “पर ती खऱ्या कागदावर करायची असती. ह्याला अंगठा लावतो.”

आबांना लहानपणी शाळेच्या पायरीवरही बसू दिलं नव्हतं. दीक्षेनंतर, चांगली पस्तिशी उलटल्यावर, ते माझ्या भावाच्या पाटीवर सही गिरवून शिकले. तेव्हापासून त्यांनी कुठंही अंगठा दिला नव्हता. रेशनच्या दुकानदारानं सवयीनं पॅड पुढं केला तरी त्याच्याच खिशातलं पेन मागून घ्यायचे आणि मागं रांग खोळंबली तरी सावकाश, पूर्ण नाव लिहायचे.

पॅड आला. आबांनी अंगठा शाईत दाबला. तो कागदावर टेकणार एवढ्यात मी कागद ओढून घेतला आणि फाडला.

“अहो, स्टँपपेपर आहे तो!” भाऊसाहेब ओरडले.

“असू द्या.”

“येडे, नोकरी जाईल तुजी!” आबा माझ्यावर एवढे कधीच चिडले नव्हते.

“जाऊ द्या, आबा.”

बाहेर येऊन मी त्यांना नळावर नेलं. अंगठा मातीनं घासला, दगडावर घासला. शाई फिकी झाली, पण निघेना. घर बाजारपेठेच्या पलीकडं, आणि त्या दिवशी नेमका बाजार भरलेला. यार्डातले ओळखीचे लोक पावलापावलाला भेटत होते, रामराम, जयभीम घालत होते. आबा डाव्या हातानं उत्तर देत होते. उजवा अंगठा त्यांनी मुठीत दाबून ती मूठ सदऱ्याच्या खिशात घातली होती, चोरी करून आल्यासारखी. चोरी आमची झाली होती.