मामांचा शून्य एरिया

"पोरगी हुशार हाय, पण तोंडातून शब्द निघंना तिच्या. गिऱ्हाइकाचा फोन काय घेणार ती? महिनाअखेरपर्यंत बघू, न्हाई तर दुसरं कुणी बघावं लागंल." मालकांचा आवाज अर्ध्या उघड्या दारातून आला. बाहेर मी केबल गुंडाळत होते. त्यावर मामा म्हणाले, "ओळख पटल्याबिगर राऊटरबी आपला नकाशा कुणाला देत न्हाई, मालक."

मामा कुणाचेच मामा नाहीत. परभणीतल्या आमच्या छोट्या इंटरनेट ऑफिसातले ते सगळ्यात जुने टेक्निशियन. जिल्ह्यात शून्याला त्यांच्याइतका मान दुसरं कोणी देत नसेल. कागद कसलाही असो, मामा आधी मधोमध एक गोल काढतात, त्यात शून्य लिहितात आणि मग भोवती गावं मांडतात. लग्नपत्रिकेची मागची बाजू त्यांना पुरते, रसवंतीचं ओलं टेबलही पुरतं. एकदा माझ्या स्कूटीच्या सीटवरच्या धुळीत त्यांनी अख्खा तालुका काढला होता. नेटवर्कचे वेगवेगळे एरिया असतात आणि प्रत्येक एरिया मधल्या शून्य एरियाला, म्हणजे बॅकबोनला, जोडलेला असावा लागतो, ही व्याख्या मला इंग्रजीतून पाठ होती. ती कशासाठी, हे मात्र मामांकडून कळलं. "एरिया म्हंजी भावकी," ते म्हणाले. "आत कुणाच्या चुलीवर काय शिजायलंय ते समद्यांना ठाव. बाहेर फक्त एवढंच सांगायचं, हे घर ह्या अंगाला हाय. अन् दोन भावक्यांनी परस्पर बोलायचं न्हाई, चावडीवरून, म्हंजी ह्या शून्यातनं बोलायचं. परस्पर बोलले की बातमी गोल गोल फिरती." हा नियम ते जेवतानाही पाळतात. माझ्या डब्यातलं लोणचं थेट घेत नाहीत, मधल्या टेबलावर ठेवायला लावतात आणि तिथून उचलतात.

त्याच आठवड्यात जिंतूरची लाईन सुरू करायची होती. केबल झरीवरून पुढे गेलेली. मामांनी वहीत परभणीला शून्य, झरीला एक आणि जिंतूरला दोन नंबर दिला. "एस्टी जाती तसंच," ते म्हणाले. झरी लगेच चालू झाली. जिंतूरची वाट मात्र परभणीच्या राऊटरच्या यादीत येईना. मामांनी राऊटर तीनदा बंद-चालू केला, जोड तपासायला झरीला जाऊन आले, केबल कुरतडणाऱ्या उंदरांना शिव्या दिल्या. मालक दाराशी येऊन उभे राहिले. "मामा, वय झालं का काय तुमचं?" ते हसून म्हणाले. मामा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, आणि प्रथमच मला ते थकलेले दिसले.

वही माझ्यासमोर उघडी होती. जिंतूर फक्त झरीला चिकटलं होतं, शून्याला कुठेच नाही. सकाळपासून मला ते दिसत होतं. आता बोलले तर मामांची चूक मालकांसमोर उघडी पडणार होती. नाही बोलले तर महिनाअखेर ठरलेलीच होती.

"काय बघायलीस गं?" मामांनी विचारलं.

मी वही त्यांच्याकडे सरकवली.

"मामा," मी म्हणाले, मालकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "आपण दोघं जिंतूरला चावडीवर न्यायचं विसरलो."